कौल देवळासाठी घेतला, झाडाचं विचारलंच नाही

प्रति,
मुंबई, ठाणे, डोंबिवली, नालासोपारा, विरार आणि पुणे येथील कोकणातल्या गावोगावच्या ग्रामविकास मंडळांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद यांस,

विषय : जीर्णोद्धाराच्या ठरावात देवाची राई, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, धरण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिणारा कुणी पर्यावरणवाला नाही. डोंबिवलीत चोवीस वर्षं काढली, त्यातली सहा वर्षं आमच्या गावच्या मंडळाचा खजिनदार होतो. रविवारची सुट्टी घालवून विरारपासून पनवेलपर्यंत लोकलनं फिरलो आणि देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पावत्या फाडल्या. कुणी चहा पाजला, कुणी "पुढच्या महिन्यात या" म्हणून दारातूनच परत पाठवलं. एका वहिनींनी पाचशेची पावती करायला सांगितली आणि निघताना हजार रुपये हातावर ठेवले. त्यांच्या यजमानांची नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती. मंडळाच्या पैशाची किंमत मला ठाऊक आहे, आणि त्या पैशानं काय केलं तेही मी जवळून पाहिलं आहे. गेली काही वर्षं गावीच राहतो, म्हणून त्याच्यानंतर काय झालं तेही रोज बघतो.

गाव कुडाळ तालुक्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडे घडलं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गावात घडलं आहे किंवा येत्या मे महिन्याच्या बैठकीत घडणार आहे.

आमचं जुनं देऊळ जांभ्याच्या चिऱ्यांचं, फणसाच्या खांबांचं, कौलारू. पावसात पश्चिमेच्या बाजूनं गळायचं हे खरं. ठराव झाला तो कौलं बदलण्याचा नव्हे, सगळंच नवीन बांधण्याचा: स्लॅब, दुप्पट मोठा सभामंडप, वर कळस, पुढे कमान, सगळीकडे ग्रॅनाइट. परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आराखडा भिंतीवर लावला तेव्हा टाळ्या पडल्या, त्यात माझीही होती. त्या आराखड्यात सभामंडपाचा एक कोपरा जिथे येत होता तिथे एक सातवीण उभी होती. तीन माणसांनी हात जोडले तरी कवेत न येणारी. आराखड्यावर ती नव्हतीच. तिथे कोरा कागद होता.

रीतीप्रमाणे नवरात्रात कौल घेतला, म्हणजे देवाला होय की नाही ते विचारलं. दगडावर फुलांचे ओले कळे लावले, गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं, उजवा कळा आधी सुटला, म्हणजे होकार. देवानं हुकूम दिला. मार्गशीर्षात मशीनचा करवत आला. सातविणीचं लाकूड मऊ, दोन तासही लागले नाहीत. बुंधा आडवा झाला, सालीतून चीक वाहत राहिला, आणि वरच्या अंगाला एक ढोली दिसली. तिच्या तोंडाला वाळलेल्या गिलाव्याची कड होती आणि आत जुन्या बियांचा थर. कोकणात बरेच जण ज्याला गरुड म्हणतात त्या धनेशाचं ते घरटं. मादी ढोलीत बसून तोंड लिंपून घेते, एक चीर तेवढी ठेवते, आणि नर बाहेरून तिला वडा-उंबराची फळं आणून भरवतो, आठवडेच्या आठवडे. विणीचा हंगाम नव्हता म्हणून ढोली रिकामी होती, एवढंच काय ते समाधान. ही जोडी वर्षानुवर्षं त्याच ढोलीकडे परत येते.

आमच्या वाडीतले एक वृद्ध मानकरी बाजूला चिऱ्यावर बसून होते. ते कुणावर ओरडले नाहीत. मला जवळ बोलावून एवढंच म्हणाले, "देवळाचा इचारलास, झाडाचा इचारलास काय?"

नव्हतं विचारलं. कौल देवळाच्या कामासाठी घेतला होता. झाडाविषयी देवाला कुणी प्रश्नच घातला नव्हता. घातला असता आणि डावा कळा सुटला असता तर आराखडा बदलावा लागला असता, आणि आराखडा कुणालाच बदलायचा नव्हता.

मंडळींनो, माझं सगळं म्हणणं त्या एका वाक्यात आहे. बाकी पत्र हे त्याचं स्पष्टीकरण समजा.

आपल्याकडे राई म्हणतात, कुठे राय, कुठे देवराठी, रत्नागिरीकडे देवरहाटी किंवा नुसती रहाटी, गोव्यात देवराय. नाव काहीही असो, नियम थोड्याफार फरकानं तेच: लोखंड आत न्यायचं नाही, पायात वहाण नको, पडलेली काटकी उचलायची नाही. माझी आजी तर पातेरा, म्हणजे गळालेला वाळका पालाही आणू द्यायची नाही. भाजावळीला, शेत भाजायला, पातेरा कमी पडायचा, आम्ही पोरं टोपल्या घेऊन डोंगरभर फिरायचो, आणि राई घराच्या पाठीमागे पाच मिनिटांवर गुडघाभर पातेऱ्यानं भरलेली. "रायेतलो पातेरो हाडू नको, ती तेची वाकळ आसा," म्हणायची. झाडाची गोधडी. मला तेव्हा ते म्हातारीचं खूळ वाटायचं.

आता दर पावसाळ्यात बघतो. मोकळ्या जांभ्यावर पडलेलं पाणी लाल होऊन व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागतं आणि खाडीची वाट धरतं. राईतून उतरणारं पाणी उशिरा येतं आणि स्वच्छ येतं. तो पातेरा, त्याच्या खालची काळी भुसभुशीत माती, मुळांच्या जाळ्यातल्या भेगा, हे सगळं मिळून पाऊस धरून ठेवतं आणि मग महिनोन्महिने थोडा थोडा सोडतं. म्हणून बहुतेक राईंच्या पोटात किंवा पायथ्याशी झरा असतो, तळी असते, आणि त्या पाण्यावर खाली पावसाळ्यानंतरचं वायंगणी भात व्हायचं. झऱ्याला देव मानलं म्हणून राई राखली की राई राखली म्हणून झरा टिकला, हा वाद पंडितांनी घालावा. पोटाला भात मिळत होता.

या नियमांत एक शहाणपण होतं ते मला खूप उशिरा कळलं. नियम मोडायचीही रीत होती. देवळाचा वासा कुजला, कुणाचं घर जळलं, तर गाव बसायचं, बारा-पाचाचे मानकरी बसायचे, कौल लावायचा, आणि नेमकं कुठलं झाड हे देवाला विचारायचं. वाळलेलं आधी. एकाला हो म्हटलं म्हणून दुसऱ्याला हात लावायचा नाही. म्हणजे बंदी होती, वापरही होता, आणि दोघांच्या मधे सगळ्या गावासमोर उच्चारायचा एक प्रश्न होता. आजच्या भाषेत ज्याला व्यवस्थापन म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? आम्ही कौल ठेवला आणि प्रश्न बदलला.

पुण्यातले शास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या देवराया फिरून पाहिल्या, त्यांवर १९७६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. आजूबाजूचं रान कोळशासाठी आणि फळ्यांसाठी साफ झालेलं असताना या तुकड्यांत जुनं जंगल जिवंत आहे, हे त्यांच्यामुळे बाहेरच्या जगाला कळलं. आपल्याला ते आधीच ठाऊक होतं, पण आपण त्याला जंगल म्हणत नव्हतो. आपण त्याला देवाची जागा म्हणत होतो आणि त्यातच त्याचा बचाव होता.

मी सातेरीच्या गावचा आहे म्हणून आणखी एक सांगतो. सातेरी म्हणजे वारूळ. मूर्ती नंतरची, मुखवटा त्याहून नंतरचा. मातीतून आपोआप वर आलेलं, दर पावसाळ्यात वाढणारं वारूळ हीच देवी. वारूळ वाढायला ओल लागते, कुजणारं लाकूड लागतं, पातेरा लागतो. सभोवार ग्रॅनाइट बसवलं, वर स्लॅब घातला, दिवसातून दोनदा फिनेलनं पुसून घेतलं, आणि मग देवी जागृत आहे असं म्हणायचं! काही गावांत वारूळ वाढायचं थांबलं तेव्हा त्याच्यावर चांदीचा पत्रा चढवला. पत्रा छान चमकतो.

कोकणात असेही देव आहेत ज्यांना छप्पर चालत नाही. बांधलं तर कोसळतं, किंवा बांधणाऱ्याला त्रास होतो, अशी समजूत. आपण हसतो. माझं मत असं, की ज्या कुणा पूर्वजानं ही समजूत रुजवली त्याला राईत बांधकाम शिरलं की पुढे काय होतं ते नेमकं ठाऊक असणार. आधी छप्पर, मग छपरावर फांदी पडू नये म्हणून फांदी, मग मूळ पायाला लागतं म्हणून झाड, मग साहित्य आणायला रस्ता, मग गाड्या लावायला जागा. आमच्याकडे याच क्रमानं झालं. सातविणीनंतर एक काजरा, दोन किंजळी आणि एक म्हातारी बकुळ गेली. बकुळ तर कुणाच्या आडही येत नव्हती. तिची फुलं फरशीवर पडून डाग पडतात म्हणून काढली. पेव्हर ब्लॉक बसले. वृक्षारोपणाचा कार्यक्रमही झाला, हार-तुरे झाले, आणि राईच्या तोंडावर गुलमोहराची दहा रोपं लावली.

खालचा व्हाळ पूर्वी मे महिन्यातही ठिबकत असायचा, आता होळीच्या आधीच कोरडा पडतो. हे पेव्हरमुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. गावात बोअरवेलीही बेसुमार झाल्या, वरच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, जेसीबी लावून काजूसाठी डोंगर सोलला गेला, आणि ती पापं गावात राहणाऱ्यांची आहेत, तुमची नाहीत. पण राईचा तेवढा तुकडा आम्ही सगळ्यांनी मिळून, वर्गणी काढून झाकला.

तुम्ही म्हणाल, गाव आम्ही जगवलं आणि आता हा आम्हालाच शिकवतोय. गाव तुम्हीच जगवलं, यात शंका नाही. गिरणगावातल्या गावकीच्या खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीनं झोपले आणि मनीऑर्डर पाठवली, त्यावर आमची पिढी शिकली. माझे वडीलही त्यातलेच. १९८२ चा संप झाला तेव्हा ते ट्रंक घेऊन गावी परत आले. घरात पैसा नव्हता. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या डोंगरावर कोळशाच्या भट्ट्या लागल्या, ऐन गेला, किंजळ गेली, कुणाला दोष देणार? वडीलही कोयता घेऊन जायचे. पण राईत कुणी गेलं नाही. उपाशी माणसांनी राखलेली राई पुढे आम्ही खाऊन-पिऊन सुखी असताना तोडली, हे मला पचत नाही.

याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं असा घेऊ नका. कुणाचा पाय राईत कुठपर्यंत पोचायचा, बायकांनी कुठल्या दिवसांत त्या वाटेनंही जायचं नाही, कुणी लांबूनच हात जोडायचे, हेही त्याच नियमांच्या गाठोड्यात होतं. ते सोडून द्यायलाच हवं होतं आणि काही ठिकाणी अजूनही द्यायचं आहे. गंमत अशी की आपण नेमकं उलट केलं. मानपानावरून कोर्टकचेऱ्या चालू ठेवल्या, पालखीला पहिला खांदा कुणाचा यावर डोकी फोडली, आणि झाडाला हात न लावण्याचा नियम मात्र जुनाट म्हणून सोडून दिला. मानपानाच्या वादात एखादं देऊळ बंद पडतं, उत्सव थांबतो, आणि त्याच काळात तिथली राई मात्र झकास दाटते. हे मी स्वतः पाहिलं आहे आणि त्यावर काय बोलावं ते मला सुचत नाही.

आता दोन ठिकाणं सांगतो, दोन्ही आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातली.

आंबोलीला हिरण्यकेशी नदी उगम पावते तिथे महादेवाचं देऊळ आहे. उगमाच्या पाण्यात एक इवलासा मासा सापडला. २०२० मध्ये तो नवी जात म्हणून जाहीर झाला, नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी. देवाचं तीर्थ म्हणून त्या पाण्यात कुणी जाळं टाकलं नाही, सुरुंग लावला नाही, म्हणून मासा तिथे होता. २०२१ मध्ये सरकारनं ती २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली.

दुसरं दोडामार्ग तालुक्यातलं हेवाळे-बांबर्डे. तिथे लोकांनी देवाची म्हणून राखलेल्या राईत रानटी जायफळाची दलदल आहे. पाण्यात उभी झाडं, आणि श्वास घ्यायला चिखलातून वर काढलेली गुडघ्यासारखी मुळं. अशी दलदल अतिशय दुर्मीळ. पलीकडे गोव्यात सत्तरीतल्या बांबरला निरंकाराची राय आहे, तिथेही हेच जायफळ आणि तिथेही देव. बांबर्ड्याची जागा २०२१ मध्येच वारसा स्थळ झाली. क्षेत्र किती? २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्या आतबाहेर. एका बऱ्या आंब्याच्या बागेएवढं. त्यात राज्यात इतरत्र सहसा न दिसणारं जंगल शिल्लक राहिलं, कारण कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या तिथे सभामंडप बांधला नाही.

म्हणून आपली राई दीड एकरच आहे, तिचं काय एवढं, असं बैठकीत कुणी म्हणालं तर त्याला बांबर्ड्याचा आकडा सांगा. आणि आपल्या राईत काय आहे हे आपल्याला तरी कुठे माहीत आहे? सुरंगी आहे हे माहीत असतं कारण चैत्रात वास येतो. गारंबीची वेल माहीत असते कारण तिच्या हातभर लांब शेंगा पोरं आणतात. बाकीचं नुसतं "रान".

हे लिहून काढायला जागा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. खूप गावांत ती वही कपाटात आहे. कुणीतरी बाहेरून येऊन दोन दिवसांत भरून दिलेली. ती उघडा. त्यात राईतली झाडं आहेत का बघा. नसतील तर सुट्टीत गावी येणाऱ्या मुलांना गुरवाबरोबर, एखाद्या वैदू आजीबरोबर राईत पाठवा आणि नावं लिहून घ्या. त्याच कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली वारसा स्थळाचा मार्ग आहे. आंबोली आणि बांबर्डे त्याच वाटेनं गेले. प्रत्येक राईनं त्या वाटेनं जावं असं माझं म्हणणं नाही. फलक लागला की आधी पार्किंगचा प्रस्ताव येतो, हा माझा अनुभव. पण नोंद मात्र प्रत्येक राईची हवी. सातबाऱ्यावर कुठे देवाचं नाव आहे, कुठे सरकारचं, कुठे वनखात्याचं. उद्या रस्ता किंवा खाण आली तर आपल्या हातात कागद काय असणार? १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या ओरणांच्या प्रकरणात त्या देववनांची मोजणी करून, नकाशे करून त्यांना वन म्हणून नोंदवायला सांगितलं, आणि देशभरातल्या देवरायांसाठी धोरण आखावं असं केंद्राला सुचवलं. वारा कुठल्या दिशेनं आहे ते यावरून कळेल. पण मोजायला सरकारी माणूस येईल तेव्हा त्याला हद्द दाखवणारे आपणच असणार. हद्द सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

तर माझी मागणी. देऊळ बांधू नका असं मी म्हणत नाही. गळतं देऊळ कुणालाच नको. पण दुरुस्तीनं भागत असेल तर दुरुस्ती करा. चांगले सुतार अजून आहेत, चिरा अजून निघतो, मंगलोरी कौल अजून मिळतं. सभामंडप मोठाच हवा असेल तर तो राईच्या बाहेर, शाळेच्या किंवा रंगमंचाच्या बाजूला बांधा. दशावतार तिथे होऊ द्या, महाप्रसादाच्या पंगती तिथे बसू द्या, लग्नं लावा. राईत जाणारी वाट पेव्हरची न करता चिऱ्यांची पाखाडी करा, पाणी मधून झिरपतं. म्हाताऱ्या माणसांना चढायला त्रास होतो, खरं आहे. पाखाडीला धरायला एक दांडा लावा, मधे टेकायला एक पेळ बांधा. त्यासाठी गाडी थेट गाभाऱ्यापर्यंत नेण्याची गरज नाही. हायमास्ट दिवा राईच्या तोंडाशी नको. मिरगाच्या आधी काजव्यांनी भरणारं झाड पाहिलेली तुमच्यापैकी किती माणसं आहेत, आणि तुमच्या नातवंडांनी ते पाहिलंय का, एवढंच एकदा विचारा. पातेरा झाडून जाळू नका. स्वच्छता मोहीम रस्त्यावर करा, तिथे पुष्कळ काम आहे.

आणि पावतीपुस्तकात देवळाच्या रकान्याखाली आणखी एक रकाना छापा: राई. त्या पैशातून हद्दीला दगडांचा गडगा घाला, उन्हाळ्यात वणव्याची पट्टी काढा, वाडीतल्या दोन मुलांना चार महिने राखणीचा मोबदला द्या. रोपं लावायची तर राईतलंच बी रुजवा. बकुळ, सुरंगी, उंडी, सातवीण, सगळं तिथे पडलेलं असतं. गुलमोहर बस स्टँडवर शोभतो.

सगळ्यात महत्त्वाचं ठरावातलं वाक्य. "राईतल्या कुठल्याही झाडाला हात लावण्यापूर्वी त्या झाडाचं नाव घेऊन ग्रामसभेत विचारलं जाईल आणि मग देवाला कौल लावला जाईल." एवढंच लिहा. ज्यांचा देवावर विश्वास आहे त्यांच्यासाठी देव आहे, ज्यांचा नाही त्यांच्यासाठी ग्रामसभा आहे, आणि दोघांच्याही समोर त्या झाडाचं नाव मोठ्यानं घ्यावं लागेल.

"क वर्ग" यात्रास्थळाचा दर्जा मिळाला आहे, निधी आला आहे, मार्चच्या आत खर्ची घातला नाही तर परत जातो, हे कारण मला कुणी सांगू नये. ते मी स्वतः दोनदा सांगितलेलं आहे. निधी परत गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा मागता येतो.

आमच्या मंडळाची बैठक मे महिन्यात गावीच आहे. दुसऱ्या टप्प्याचा आराखडा येणार आहे, त्यात राईच्या मागच्या बाजूला भक्तनिवासाच्या खोल्या दाखवल्या आहेत असं ऐकतो. मी पुढच्या रांगेत बसणार आहे. खजिनदार असताना जमाखर्च वाचायला उभा राहायचो, या वेळी झाडांची यादी वाचायला उभा राहीन. राईच्या वरच्या टोकाकडून सुरुवात केली आहे, आजपर्यंत एकशे बारा झाडं नावानिशी झाली, सतरांची नावं गुरवालाही सांगता आली नाहीत.

एक विनंती सगळ्या मंडळांना. तुमच्या खोल्यांत, पोटमाळ्यावर, जुन्या ट्रंकांत गावच्या जत्रेचे, शिमग्याचे, लग्नांनंतर देवाला गेल्याचे फोटो असतील. १९९० च्या आधीचे असले तर उत्तम. माणसांच्या डोक्यामागे झाडं दिसतात. ते फोटो मे महिन्यात येताना आपापल्या गावी घेऊन या. आमच्या राईचा एक मला मिळाला आहे, माझ्याच आईवडिलांचा, १९७४ चा. वडिलांच्या उजव्या खांद्यामागे ती सातवीण आहे.

आपला,
एक माजी खजिनदार
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग